गावातल्या पैसेवाल्यांची हौस कुठं चालली?

कवेलू · शनिवार, रात्री 10.12

दिवाळीत गावी जाऊन आलो. गाव धामणगाव रेल्वेकडचं. नाव सांगत नाही, कारण खाली ज्या दोघांबद्दल लिहितोय ते दोघंही जवळच्या नात्यातले, आणि त्यातला एक जण इथं गुपचूप वाचत असतो.

पहिले आमचे मामा. 38 एकर, त्यातलं बारा ओलिताचं. घरी दोन ट्रॅक्टर. शेवटची बैलजोडी अकरा वर्षांपूर्वी विकली, तेव्हापासून गोठ्यात खताची पोती. यंदा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी मामांनी आर्वीकडून पांढरीशुभ्र गवळाऊ जोडी आणली. तीन लाख दहा हजार. आजवर त्या जोडीनं वावरात एक तास काढलेला नाही. गोठ्यावर नवे टिन, दोन पंखे, बैलांच्या पायाखाली रबराची चटई, ढेप वेगळी, सरकी वेगळी, आणि जोडीसाठी खास एक गडी, महिना बारा हजार. मामी चहा देता देता म्हणाली, "माह्या गुडघ्याले पैसे नाही, बैलाच्या खुराले आहेत."

दुसरा मावसभाऊ. वय 34, कृषी केंद्र आणि थोडी ठेकेदारी. याची काळी मोठी गाडी गावात शिरली की हॉर्नवरून कळायचं. ती विकली. आता पांढरी छोटी इलेक्ट्रिक. मला वाटलं धंदा बसला. मग त्याच्या घरी खुंटीला एक टोकदार, बांबूच्या पानांची टोपी दिसली. त्याची पोरगी पटकन बोलून गेली, व्हिएतनामची आहे म्हणून. चौघं आठ दिवस जाऊन आले होते. पुण्यात फ्लॅटही बुक झालाय. गावात कोणाला पत्ता नाही, सख्ख्या काकालाही नाही.

परत येताना गाडीत एक बातमी वाचली. बेन ही सल्लागार कंपनी आणि आल्टागामा ही इटलीतल्या चैनीच्या कंपन्यांची संघटना, यांच्या अहवालाप्रमाणे 2024 साली पर्स, घड्याळं, कपडे, दागिने असल्या चैनीच्या वस्तूंची जगातली बाजारपेठ 363 अब्ज युरोंची होती आणि आदल्या वर्षापेक्षा दोन टक्क्यांनी आटली. गुची या महागड्या ब्रँडची विक्री त्या वर्षी 23 टक्क्यांनी पडली, हर्मीस या दुसऱ्या ब्रँडची मात्र वाढली. तिकडचे पैसेवाले म्हणे आता वस्तू घेण्यापेक्षा फिरणं, खाणं, तब्येत यांवर खर्च करतात.

आमच्याकडं पर्सचा प्रश्नच नव्हता. पण हौस होती आणि आहे. तर सांगा, तुमच्या गावातले पैसेवाले आधी कशावर उडवायचे आणि आता कशावर उडवतात? विदर्भातलंच लिहा. पुण्या-मुंबईचं रोज वाचतो.

तर्री_मारके · 10.20

पहिला नंबर माहा! रबराची चटई? आमच्या होस्टेलात तीन वर्षं आमाले सतरंजी नव्हती बे.

मोर्शीची_सून · 10.41

मामींच्या गुडघ्याचं काय झालं ते आधी सांगा.

कवेलू · 10.44

डॉक्टरांनी बदलायला सांगितलाय. मामा म्हणतात कापूस निघू दे.

मोर्शीची_सून · 10.46

कापूस दर वर्षी निघतो.

सराफा_गल्ली · 11.30

तालुक्याच्या गावी आमचं दुकान आहे, मी तिसऱ्या पिढीतला. तेव्हा हा बदल रोज काउंटरच्या अलीकडून बघतो.

2000 साली दहा ग्रॅम साडेचार हजारांच्या आतबाहेर होतं. एप्रिल 2025 मध्ये लाखावर गेलं. माझ्या लहानपणी मोठा शेतकरी कापूस विकून बाजार समितीतून थेट दुकानात यायचा, नोटा दुपट्ट्यात बांधलेल्या. गोफ, एकदाणी, गोठ, पाटल्या. नक्षी कोणी बघत नसे. "किती तोळ्याचा?" एवढाच प्रश्न, आणि तोही दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा.

आता तोच माणूस दुपारी दोनला येतो, दुकान रिकामं असतं तेव्हा. साधी नाणी मागतो, बिस्किट मागतो. दागिना फक्त लग्नापुरता, तोही हलका. 2017 पासून दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, त्यामुळे दुपट्ट्याचा जमाना तसाही गेला. जुलै 2024 मध्ये सोन्याचं आयातशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं त्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पण तेव्हाही नाणीच जास्त गेली.

मागच्या महिन्यात एक जुने पाटील आले. आठ तोळ्यांचा गोफ, आमच्याच आजोबांच्या हातचा. गाळून चार नातवांना नाणी करायची होती. मी वजन केलं. त्यांनी तो परत मागितला, एकदा गळ्यात घातला, आरशात पाहिलं, आणि काढून ठेवला. म्हणाले, "आता हा घालून कुठं जाऊ?"

तर्री_मारके · 11.34

भाऊ, रात्रीच्या साडेअकराले असं नका लिहू.

कपाशी_बोंड · रविवार, सकाळी 6.55

धागा वाचून डोकं फिरलं. सप्टेंबरच्या पावसानं आमच्या भागात सोयाबीन शेतातच सडलं. 2025 च्या हंगामाला हमीभाव 5,328 जाहीर झाला, बाजारात त्याच्या कितीतरी खाली मागत होते. यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांसाठी माहीत आहे. आणि इथं बैलांच्या चटईच्या गप्पा चालल्यात. विदर्भातल्या गावात श्रीमंत असतो तरी कोण? दाखवा मला.

मुनग्याच्या_शेंगा · 7.40

@कपाशी_बोंड, राग कळतो, पण श्रीमंत असतो हो. तुमच्या गावातही असेल. जिनिंगवाला, कृषी केंद्रवाला, दोघं नवरा-बायको मास्तर असलेलं घर, ठेकेदार, आणि नाव न घेता सांगतो, रेतीवाला. शेतीवर श्रीमंत झालेला कमी, शेतकऱ्यावर झालेला जास्त.

कपाशी_बोंड · 7.52

हे मात्र सोळा आणे खरं बोललात.

कवेलू · 8.30

@कपाशी_बोंड, तुमचा आक्षेप मान्य. मामांच्या घरापासून चौथ्या घरात 2019 मध्ये तसं झालंय. त्या पोराची शाळेची फी मामा भरतात, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्यानं चटईचं समर्थन होतं असं म्हणत नाही.

मास्तर_निवृत्त · 9.15

थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्येच सांगून ठेवले आहे की श्रीमंत माणूस केवळ उपभोगासाठी खर्च करत नाही, दुसऱ्याने पाहावे म्हणून करतो. तेव्हा "कशावर उडवतात" यापेक्षा "कोणाला दाखवण्यासाठी" हा प्रश्न अधिक योग्य ठरेल. पूर्वी प्रेक्षक गाव होता. आता

मास्तर_निवृत्त · 9.16

क्षमस्व, अर्धेच गेले. आता प्रेक्षक बदलला आहे. मावसभाऊंच्या सहलीचे फोटो गावाने पाहिले नसतील, पण त्यांच्या कृषी केंद्र विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप गटाने नक्की पाहिले असतील. विचारून पाहा.

तर्री_मारके · 9.20

मास्तर आले, वह्या काढा पोट्टेहो.

कवेलू · 9.41

मास्तर, दंडवत. विचारलं. विक्रेत्यांच्या गटात 64 फोटो टाकलेत म्हणे.

झाडीपट्टीकर · 11.05

तुमच्या मामांवरून आठवलं, आमच्याकडं तलावालाच मामा म्हणतात. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे तलाव गावोगावी आहेत. पुष्कळ कोहळी लोकांनी बांधलेले, पुढं मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यात. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, पण नाव चिकटून राहिलं.

आजा सांगायचा, मालगुजाराची चैन कशात होती. उन्हाळ्यात वाड्याच्या दाराखिडक्यांना वाळ्याचे ताटे, त्यावर दिवसभर पाणी मारायला एक पोरगा. छताला लांब कापडी पंखा आणि त्याची दोरी ओढायला व्हरांड्यात एक म्हातारा. मालक आत गार, म्हातारा बाहेर उन्हात. सागवानी खांब आलापल्लीच्या रानातले, दोन माणसांच्या कवेत न मावणारे. म्हणजे चैन होती आणि जुलूमही होता, उगाच गोडवे गात नाही. पण मंडईचं नाटक ठेवायचा तोही तोच. दिवाळी झाली की मंडई, आणि मंडई म्हणजे रात्रभर नाटक. मालगुजाराची खुर्ची पुढं, बाकी गाव तनसावर. नाटक मात्र एकच.

आता आमच्याकडं पैसा राईस मिलवाल्यांकडं. मिलवाल्याच्या घरी प्रत्येक खोलीत एसी. ब्रह्मपुरीकडचा मे महिना ज्यानं पाहिलाय तो याला चैन म्हणणार नाही. नाटकं अजून जोरात आहेत, वडश्याच्या कंपन्यांना हंगामात फुरसत नसते. मिलवाला वर्गणी देतो, फ्लेक्सवर त्याचा हात जोडलेला फोटो असतो. स्वतः नाटकाला येत नाही. नागपूरला मल्टिप्लेक्सला जातो.

वाकडची_वऱ्हाडीण · दुपारी 12.30

पुण्यातल्या फ्लॅटबद्दल मी बोलते, कारण मी अशाच एका फ्लॅटची राखणदार आहे. सासऱ्यांनी 2019 मध्ये वाकडला घेतला. गाव कारंजा लाडजवळ. आम्ही दुसऱ्या सोसायटीत राहतो, कारण तो फ्लॅट "पाहुण्यांसाठी" आहे. पाहुणे येत नाहीत. सासरे वर्षातून चार दिवस येतात, बाल्कनीत बसतात आणि खाली कोणी ओळखीचं जाते का ते बघतात. रात्री एसीत झोप येत नाही. त्यांना कुलरचा घरघर आवाज लागतो. मागच्या वेळी नवऱ्यानं मोबाईलवर कुलरचा आवाज लावून दिला. खरं सांगते. झोपले.

मग घेतला कशाला, असं एकदा विचारलं. म्हणाले, "गावात विचारतात ना, पुण्याले घर आहे का? आहे म्हणतो."

मुनग्याच्या_शेंगा · 12.50

😂 मोबाईलवर कुलर! तेवढ्यात पाण्याचा टिप टिप आवाजही टाका.

शोरूमवाला · 2.10

गाड्यांचं माझ्याकडून ऐका. वाहन विक्रीत आहे, कंपनी सांगत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला. बातम्यांत "चैनीच्या गाड्यांवर 40 टक्के" ऐकून गावाकडून फोन आले, महाग व्हायच्या आत द्या म्हणून. अहो, मोठ्या एसयूव्हीवर आधी 28 टक्के जीएसटी आणि वर 22 टक्के उपकर होता, बेरीज 50. उपकर गेला, 40 झाला. म्हणजे स्वस्तच झाली. ट्रॅक्टर 12 वरून 5 वर आला तो वेगळाच.

पण एक गोष्ट खरी. पूर्वी गिऱ्हाईक बापासोबत, भावांसोबत, दहा जण मिळून यायचं, हार-नारळ घेऊन. शोरूममध्येच पेढे वाटायचं. अजूनही येतात, पण पन्नाशीच्या पुढचे. पंचविशीतला पोरगा मोबाईलवर सगळं ठरवून येतो आणि पहिलं विचारतो, गाडीत कॅमेरे किती.

आणि हो, 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर, हँडबॅगवर, गॉगलवर, बुटांवर, एवढंच काय शर्यतीच्या घोड्यावरही एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून घ्यायचा आयकर, कापतात. बैलावर नाही. मामांनी विचार करून खरेदी केली आहे.

तर्री_मारके · 2.14

दहा लाखाचा गॉगल? तो घालून काय दिसते? भविष्य?

समृद्धीग्रस्त · 4.45

आमची सात एकर समृद्धी महामार्गात गेली. 2017 मध्ये खरेदीखत झालं, पैसे थेट खात्यात. त्यामुळे "अचानक श्रीमंत" या प्रकारावर बोलायचा मला अधिकार आहे.

पहिल्या वर्षी आमच्या गावात चौदा नव्या मोटारसायकली आणि पाच चारचाकी आल्या. एकानं घराच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी बांधली. विमानानं तो अजून गेलेला नाही. आम्ही तिघं भाऊ. थोरल्यानं तीस किलोमीटर आत जाऊन नऊ एकर घेतली. मी गाडी घेतली. धाकट्यानं पैसे बँकेत टाकले आणि वर्षभर आम्ही त्याला कंजूस म्हणालो. आज थोरल्याच्या जमिनीला भाव आहे, धाकट्याची पोरगी डॉक्टर होऊन राहिली आहे, आणि माझी गाडी मागच्या वर्षी निघाली तेव्हा आठ लाखांच्या गाडीचे पावणेदोन आले.

तो रस्ता आता पूर्ण झाला, 701 किलोमीटर. डिसेंबर 2022 ला शिर्डीपर्यंत उघडला तेव्हा आम्ही सगळे घरून गाड्या घेऊन नुसते फिरायला गेलो. आपल्याच वावरावरून ताशी शंभरनं जायला कसं वाटतं ते सांगता येत नाही. विहीर कुठं होती ते मी शोधत होतो. बायको म्हणाली, मागंच गेली.

मोर्शीची_सून · 5.20

@समृद्धीग्रस्त, तिघं भाऊ लिहिलंत. बहिणी किती?

समृद्धीग्रस्त · 5.48

दोन. सह्या केल्या त्यांनी.

मोर्शीची_सून · 6.30

तेच म्हणायचं होतं. 2005 च्या कायद्यानं मुलीला सारखा वाटा आहे, आणि मोबदल्याच्या वेळी गावोगाव हक्कसोडपत्रांचा पाऊस पडला. बहिणीला साडी-चोळी आणि भावाला गाडी. तुम्हाला व्यक्तिशः बोलत नाही, माझ्या माहेरी तेच झालं, मीही सही केलीय.

पण धाग्याचा विषय हौस आहे, तर बायांची हौस कुठं ते कोणीच लिहिलं नाही अजून. आमच्याकडं संत्र्याच्या बागा. चांगल्या वर्षी अंबिया बहाराचे पैसे आले की घरातला पुरुष ठरवणार, बोअर की गाडी की सोनं. सोनं अंगावर आमच्या, पण मोड येते तेव्हा पहिलं तेच जातं. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवलं आणि संत्री पडून राहिली त्या वर्षी माझ्या पाटल्या गेल्या. त्यामुळे "सोन्याची हौस बायकांना" हे ऐकलं की हसू येतं. ती बँक होती, पासबुक आमच्या हाताला बांधलेलं.

बदल खरा झालाय तो इथं. माझी सासू, वय 66, गेल्या वर्षी गावातल्या अकरा बायांसोबत विमानानं अयोध्येला गेली. पैसे तिचे स्वतःचे, दुधाचे साठवलेले. सासऱ्यांना विचारलं नाही, सांगितलं. परत आल्यावर आठ दिवस एकच गोष्ट. देवळाची नाही. हॉटेलात सकाळी उठल्यावर चहा कोणीतरी आणून दिला, त्याची. "म्या बसून होती अन् त्या पोरानं कप हातात देला."

वाकडची_वऱ्हाडीण · 6.41

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. 🙏

कपाशी_बोंड · 6.58

ही चैन मला मंजूर आहे.

मुनग्याच्या_शेंगा · 8.15

लग्नाचा विषय कोणीच काढला नाही म्हणून काढतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथं आहे.

आमच्या गावातलं सगळ्यात मोठं घर, नाव नको. 2006 मध्ये थोरल्या मुलाचं लग्न. तीन गावांना चूलबंद आवतण. सकाळपासून रात्रीपर्यंत पंगती. वांग्याची भाजी गंजात नाही, कढयांत. वरण-भात, बुंदी, पोळ्या लाटायला चाळीस बाया. मालक स्वतः तुपाचा गडवा घेऊन ओळीतून फिरत होते आणि नको म्हणणाऱ्याच्या हातावर तूप सांडत होते. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, पाणी वाढायला. त्या घराचं नाव पुढं दहा वर्षं त्या तुपावर चाललं.

त्याच घरात मागच्या फेब्रुवारीत धाकट्याचं लग्न. ताडोब्याकडं एका रिसॉर्टमध्ये, दीडशे माणसं. गावातून सहा जण, त्यात मी, कारण मी नवरदेवाचा वर्गमित्र. प्रत्येकाला खोली, खोलीत टोपली, टोपलीत मोहाच्या फुलांचे लाडू. छान होतं, खोटं कशाला बोलू. खर्च मोठ्या लग्नापेक्षा कमी झाला नसणार. पण गावात आल्यावर जो तो मला विचारतो, "काय काय होतं?" आणि मी सांगितलं की चेहरा पडतो. पंधरा दिवसांनी त्यांनी गावजेवण दिलं. लोक जेवले, पण आहेर कोणी केला नाही. म्हातारी माणसं तर आलीच नाहीत. लग्नाचं जेवण असतं तेव्हा माणूस वऱ्हाडी असतो, नंतरच्या जेवणात तो नुसता जेवणारा.

मास्तर म्हणाले ना प्रेक्षक बदलला. त्यात एवढंच जोडतो की पूर्वी प्रेक्षकाला जेवायला मिळायचं.

मोहर्ली_गेट · 9.50

ताडोब्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी एका रिसॉर्टमध्ये कामाला आहे. मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना मातीच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, चुलीवरचं पिठलं आणि ज्वारीची भाकर लागते. छपरावर कवेलू. ही कवेलू मालकानं आजूबाजूच्या गावांतून आणली. लोक घर पाडून स्लॅब टाकत होते, कवेलू फुकट न्या म्हणायचे. आता भाव लागतो.

ज्वारीची भाकर तर विचारू नका. आमच्या गावात पंधरा वर्षांत कोणी ज्वारी पेरली नाही. पेरली तर रानडुकरं आणि रोही (नीलगाय) खाणार, उरलं ते पाखरं. पीठ चंद्रपूरहून पाकिटातलं येतं.

आता आपल्याकडचे पैसेवालेही येऊ लागलेत. वणीचे, हिंगणघाटचे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस. ते खोलीत शिरले की पहिले वर बघतात आणि विचारतात, "स्लॅब नाही का?" मागच्या आठवड्यात एक आजी आल्या, मुलांनी आणलेलं. अंगण पाहून म्हणाल्या, "इतका पैसा देऊन सारवलेल्या घरातच आनलं का रे?" वाघ मात्र दिसला त्यांना. पोराला नाही दिसला, तो मोबाईलवर होता.

सातपुडा_वारा · 10.05

अवांतर: कवेलू की कौल? शुद्ध शब्द कौल ना?

तर्री_मारके · 10.07

आमच्याकडं कवेलूच. कौल देव देते.

खामगावची_चांदी · 10.30

चांदीचं राहिलं. आमचं गाव चांदीसाठी नावाजलेलं. पूर्वी ताट-वाटी-तांब्या असा अख्खा संच लेकीला द्यायचे. आता विचारतात, "डिशवॉशरमध्ये चालेल का?" एवढंच सांगून झोपतो.

सिंदीची_पोट्टी · सोमवार, सकाळी 7.25

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, विसरलात सगळे. लाकडी नंदी. आमच्या सिंदी रेल्वेला तान्हा पोळा म्हणजे केवढा उत्सव असतो ते येऊन बघा. माझा नंदी वीतभर होता, चाकांचा, बाबांनी सुताराकडून करून घेतलेला. आता नंदी नेणाऱ्या पोराच्या उंचीपेक्षा मोठे, सागवानी, ओढायला बाप आणि दोन काका. खरे बैल गावातून गेले तसे लाकडाचे मोठे होत गेले, असं मला दर वर्षी वाटतं.

पट_शौकीन · 1.15

राजेहो, सगळा धागा वाचला अन् कोनीच मुद्द्याचं बोललं नाही. मामानं शेवटची जोडी अकरा वर्षांआधी इकली. म्हंजे 2014. त्या साली 7 मे ले सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीवर, म्हंजे पटावर, बंदी आनली. आमच्या तळेगाव दशासरचा शंकरपट, जुना पट, तोही बंद पडला. माह्या बापानं त्याच साली जोडी काढली, दोन दिवस जेवला नाही. 2021 च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी देली, मंग 18 मे 2023 ले घटनापीठानं कायदा कायम ठेवला. तेव्हापासून शौकीन लोक पुन्हा जोड्या घेऊन राहिले. मामा तुमचे पटवाले आहेत, लपवून राहिले. गवळाऊ धावाले हलकी असते. दाती किती आहेत, चार का सहा? जमल्यास फोटो टाका, बाजूनं.

कवेलू · 1.32

बैलाचे दात मोजता येत नाहीत हो मला. पण 2014 चा मेळ बसतोय खरा. संध्याकाळी मामांना फोन करून विचारतो.

मास्तर_निवृत्त · 1.50

पट_शौकीन यांचे अनुमान तर्कशुद्ध आहे. उत्तराची प्रतीक्षा.

तर्री_मारके · 1.52

पोहे घेऊन बसलो.

कवेलू · रात्री 9.05

फोन झाला. पटाचं नाव काढल्यावर मामा हसले. म्हणाले, पटावर एकदाही जोडी धावली नाही त्यांची, बघायला मात्र जायचे. 2014 ची जोडी म्हातारी झाली होती आणि ट्रॅक्टर आला होता, एवढंच कारण.

मग खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले. पाऊस, वेचाईचा दर, मजूर मिळत नाहीत. शेवटी आपणहून सांगितलं. आमच्या गावात पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी मामांच्या घरची. मान आहे तो, पंजोबापासून. जोडी विकल्यावर दर वर्षी शेजारच्या एकाची घेऊन जायचे, त्याला धोतर-नारळ द्यायचे, चाललं होतं. मागच्या वर्षी त्यानंही बैल विकले. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, मामांनी दुसऱ्या गावाहून जोडी भाड्यानं आणली. दोन हजार रुपये आणि टेम्पोचं भाडं. झूल घरची, मठाट्या घरच्या, बैल भाड्याचे. तोरण तुटलं, सगळं रीतसर झालं. जोडी घरी ओवाळायला आणली तर मामीनं पाय धुतले, पुरणपोळी समोर धरली, आणि बैलांनी तोंड फिरवलं. ओळखच नव्हती ना घराची. पाच वाजता टेम्पोवाला हॉर्न वाजवत दारात, त्याला अजून एका गावी जायचं होतं.

मामा म्हणाले, "तो हॉर्न वर्षभर कानात होता."

यंदा गावात पोळ्याला एकूण सात जोड्या होत्या. माझ्या लहानपणी ऐंशीच्या वर असायच्या, झडत्या म्हणणाऱ्यांचे आवाज बसायचे.

सराफा_गल्ली · 9.20

गोफवाल्या पाटलांना दाखवतो हे.

पट_शौकीन · 9.31

माहा अंदाज चुकला. पन मामा मोठा मानूस आहे. यंदा तोंड फिरवलं का बैलानं?

कवेलू · 9.36

नाही. मामी म्हणते तिच्या हातून तीन-तीन पोळ्या खाल्ल्या दोघांनी.

मोर्शीची_सून · 9.40

सगळं ऐकलं, डोळे भरून आले, वगैरे. मामींच्या गुडघ्याचं काय?

कवेलू · 9.58

तेही विचारलं, तुमच्या भीतीनं. 14 डिसेंबर, नागपूर. तारीख मामीनंच स्वतः फोन करून घेतली, मामांना नंतर सांगितलं. मामीनं फोन हातात घेऊन निरोप दिलाय: "चालता आलं की पैलं काम, तुह्या मामाची जोडी इकतो."

पट_शौकीन · 9.59

व्यनि (खासगी निरोप) केला आहे.